क्लच तळाला टेकला, तरी रिव्हर्स खरखरतोच: जुन्या शेव्हेलला घरी मॅन्युअल गिअरबॉक्स बसवल्यानंतरचं दुखणं

लक्षण असं. इंजिन बंद असताना चारही गिअर आणि रिव्हर्स अलगद पडतात. इंजिन सुरू करून क्लच तळापर्यंत दाबला की पहिला गिअर कुरकुरत पडतो आणि रिव्हर्सला हात लावला की खर्रर्र. गाडी थंड असेपर्यंत कसंबसं निभावतं. वीस-पंचवीस मिनिटं चालवून सिग्नलला थांबलो की पहिला गिअर पडता पडत नाही, आणि मागचा हॉर्न वाजवायला लागतो. दर वेळी काहीतरी बदलायचं, आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

माझी गाडी १९७० ची शेव्हरलेची शेव्हेल मालिबू. ३५० घन इंचांचं इंजिन, मागे मूळचा टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला. इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, भरते, आणि त्या गर्दीत ऑटोमॅटिक मालिबू घेऊन जाणं म्हणजे आखाड्यात छत्री घेऊन उतरणं. म्हणून मन्सीचा चार गिअरवाला बॉक्स घातला. इंडियानातल्या मन्सी गावात जनरल मोटर्सने (जीएमने) १९६३ ते १९७४ हे बॉक्स बनवले, नावही त्याच गावाचं. माझा एम २०, म्हणजे पहिल्या गिअरचं प्रमाण २.५२. एम २१ चा पहिला २.२० असतो. रस्त्यावरच्या गाडीला एम २० च बरा, सिग्नलवरून उचलताना क्लचचा जीव कमी जातो.

हा बॉक्स बसवल्यानंतर मी चार वेळा उतरवला. त्यातली एक खेप कामाची होती, एक अर्धवट, एक निव्वळ हमाली. चौथ्या खेपेला जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आधी गिअरबॉक्सला निर्दोष धरा

गिअर पडत नाही म्हटलं की सगळ्यांचं बोट बॉक्सकडे जातं. माझंही गेलं. तिसऱ्या खेपेला बॉक्स टेबलावर उघडला, पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवून घेणाऱ्या) हातात घेऊन एकेक दात पाहिला. सगळं ठणठणीत. दोन रविवार गेले, गॅस्केटचे पैसे वेगळे.

त्याआधी तीन तपासण्या करायच्या. तिन्ही फुकट आहेत आणि बॉक्स न उतरवता होतात.

पहिली: इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. तेव्हाही अडत असतील तर दोष शिफ्टरच्या सळ्यांमध्ये आहे. हर्स्टच्या शिफ्टरला न्यूट्रलचं भोक असतं. तिन्ही लिव्हर न्यूट्रलला आणून त्यात पाव इंची, म्हणजे दोन सुती, ड्रिल बिट आरपार घाला. मग प्रत्येक सळीची लांबी अशी जुळवा की तिचं टोक बॉक्सच्या लिव्हरमध्ये ओढावं किंवा ढकलावं न लागता आपसूक बसेल. एक सळी जरी जोर लावून बसवली तरी शिफ्टर अडकणार. यात माझं काही चुकलं नव्हतं, पुढे जाऊ.

दुसरी तपासणी रिव्हर्सची. मन्सीच्या पुढच्या चारही गिअरना सिंक्रो आहे, रिव्हर्सला नाही. म्हणून रिव्हर्स खोटं बोलत नाही. इंजिन आयडलला, गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबा आणि दहा आकडे मोजा. तेवढ्यात इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची फिरकी बॉक्समध्ये नेणारा दांडा, थांबायला हवा. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला आणि खरखरला तर तो दोष नाही, ती घाई आहे. दहा मोजूनही खरखरला तर मात्र कोणीतरी त्या शाफ्टला फिरवतंय.

कोण फिरवणार? इंजिन आणि इनपुट शाफ्ट दोनच ठिकाणी भेटतात. एक क्लच प्लेट, दुसरा क्रँकच्या टोकातला पायलट बुश, म्हणजे शाफ्टचं पुढचं टोक पेलणारी छोटी बाही. प्लेट फ्लायव्हीलला (क्रँकच्या मागच्या जड चाकाला) घासत असेल किंवा बुश शाफ्टला धरत असेल. बाकी सगळी कारणं या दोनांच्या पोटात येतात.

तिसरी तपासणी या दोघांतला चोर वेगळा करते. गाडी चारी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, किल्ली खिशात ठेवा, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या) खालचं पत्र्याचं झाकण काढा. घरातल्या कोणालातरी क्लच दाबून धरायला बसवा आणि खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून प्लेट सुटल्यावर किती फट पडते ते मोजा. साधारण ५० थाऊ हवी. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरात वाढलेल्यांना सांगायला नको.) क्रँक थोडा थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा. फट कमी असेल तर क्लच सुटत नाहीये. फट पुरेशी आहे आणि तरी रिव्हर्स खरखरतो, तर पायलट बुशकडे वळा.

क्लच सुटत नसेल तर

माझी पहिल्या वेळची फट जेमतेम १५ थाऊ होती. पेडलची सळी वाढवून बघितली, मोकळी चाल कमी केली, तरी वाढेना. फोर्कचं, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या तरफेचं, बाहेरचं टोक बेल हाउसिंगच्या खिडकीच्या मागच्या कडेला टेकत होतं. खालून टॉर्च मारली तेव्हा तिथला रंग खरवडलेला दिसला.

कारण रिलीज बेअरिंग, म्हणजे फोर्कने पुढे ढकललं की प्रेशर प्लेटची बोटं दाबणारं बेअरिंग. (प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते.) शेव्हरलेच्या क्लचला दोन लांबींचे बेअरिंग येतात, आखूड आणि लांब. प्रेशर प्लेटची बोटं सपाट असतील तर लांब, वर उचललेली वाकडी असतील तर आखूड. मला विकणाऱ्याने सपाट बोटांच्या प्लेटसोबत आखूड बेअरिंग दिलं होतं आणि मी डोळे झाकून बसवलं. आखूड बेअरिंगला बोटांपर्यंत पोचायला फोर्कचं आतलं टोक पुढे सरकावं लागतं, म्हणून बाहेरचं टोक सुरुवातीलाच मागे गेलेलं असतं. पेडल दाबलं की ते आणखी मागे जातं, खिडकीला टेकतं, आणि प्लेट सुटायच्या आधीच चाल संपते. उलटी चूक केली, म्हणजे वाकड्या बोटांना लांब बेअरिंग लावलं, तर मोकळी चालच उरत नाही आणि क्लच घसरतो. लांब बेअरिंग घातल्यावर फट पन्नासच्या पुढे गेली. ही कामाची खेप.

बेअरिंग बरोबर असूनही फट कमी असेल तर झेड बार बघा. पेडलची ढकल इंजिनच्या बाजूने वळवून फोर्कपर्यंत नेणारी ती आडवी नळी. एक टोक इंजिन ब्लॉकवरच्या गोल खिळ्यावर, दुसरं चासीच्या ब्रॅकेटवर. टोकांतले नायलॉनचे बुश झिजले की पेडलची इंचभर चाल तिथेच जिरते. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघावं: बार फिरतोय की आधी डुलतोय? ऑटोमॅटिक गाडीत हे काहीच नसतं, सगळं शोधून आणावं लागतं. पुढच्या काळातल्या काही ब्लॉकना त्या गोल खिळ्याचं आटे पाडलेलं भोकच नसतं, इंजिन बदललेलं असेल तर आधी तेवढं बघून घ्या.

आणि ड्रायव्हरच्या बाजूचा इंजिन माउंट. रबर फाटलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन त्या बाजूने वर उचलतं, झेड बारचं एक टोक इंजिनसोबत वर, दुसरं चासीला खाली, आणि क्लचचं गणित बिघडतं. हे दुखणं किती जुनं आहे बघा: १९७१ च्या शेवटी जीएमने १९६५ ते १९६९ च्या साधारण ६७ लाख शेव्हरले गाड्या इंजिन माउंटसाठी परत बोलावल्या होत्या. माझी १९७० ची त्यात बसत नाही, तरी माउंट मी नवे घातले.

प्लेट उलटी बसली असेल तरी फट मिळत नाही. तिच्यावर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, वाचा. आणि सर्वात वाईट म्हणजे वाकलेली प्लेट. बॉक्स पूर्ण आत जाईना म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतला की हे होतं. मन्सी ॲल्युमिनियमचा असला तरी ७० पौंडांच्या आसपास भरतो. तो प्लेटच्या खाचांवर लोंबकळत राहिला की मधला हब वाकतो, बॉक्सचे कान तडकतात ते वेगळंच. बॉक्स शेवटचे दोन-तीन सूत हाताने ढकलून जायला हवा. नाही गेला तर प्लेट मध्यावर नाही, काढा आणि पुन्हा जुळवा. मी अर्धा इंची, इंचाला तेरा आट्यांचे दोन लांब बोल्ट आणून त्यांची डोकी कापली आणि वरच्या भोकांत लावली. त्यावरून बॉक्स रुळावरून आल्यासारखा सरकतो. आटे तेराच हवेत, बारा मागितले तर बसणार नाहीत.

थंड असताना ठीक, तापल्यावर खरखर

लांब बेअरिंग घातल्यावर आठ दिवस मी गल्लीतला राजा होतो. मग एका दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि रिव्हर्स पुन्हा बोलायला लागला. घरी येऊन गरम गाडीखाली शिरलो, फट मोजली: ५० थाऊच्या वर, चारी बाजूंनी. म्हणजे प्लेट सुटतेय. उरला पायलट बुश.

हा बुश काशाचा, आत तेल मुरवलेला. बाहेरचा व्यास १.०९४ इंच, आतला ०.५९०. क्रँकमध्ये घट्ट ठोकलेला असतो. इंजिन तापलं की कासं लोखंडापेक्षा जास्त फुगतं, बाहेरून क्रँकने आवळून धरलेलं असल्यामुळे ते आतल्या बाजूला फुगतं, आणि शाफ्टभोवतीची मोकळीक कमी होते. थंड असताना जेमतेम मोकळा असलेला शाफ्ट गरम झाल्यावर धरला जातो. म्हणून बुश ठोकण्याआधी शाफ्टच्या टोकावर घालून बघायचा, आणि ठोकल्यावर पुन्हा बघायचा, कारण ठोकल्यावर भोक किंचित आवळतं. आणि दुकानातच चुंबक लावून बघा. चुंबकाला चिकटला तर त्यात लोखंड आहे, परत करा.

जुना बुश काढायला ग्रीस भरून दांडा ठोकायची युक्ती सगळे सांगतात. होतं काम, पण ग्रीस कपाळापर्यंत उडतं. ओला पाव जास्त स्वच्छ. भोकात ओला पाव ठासायचा, बरोबर मापाच्या दांड्याने हातोडी मारायची, पुन्हा पाव, पुन्हा हातोडी. अर्धी लादी गेली आणि बुश मागून सरकत बाहेर आला. (घरात शिळ्या पोळ्या होत्या. नाही चालत, पावच लागतो.)

काढलेला बुश हातात घेतला तेव्हा चोर समोर उभा होता, पण मी ओळखला नाही. बुशचं तोंड कर्ण्यासारखं पसरलं होतं, तोंडाशी मोठं, आत मूळ मापाचं. बेल हाउसिंगच्या तळाला काशाची सोनेरी भुकटी पडली होती. जेमतेम दोनशे मैल चाललेला बुश. मला वाटलं माल हलका होता. चांगला बघून नवा घातला आणि बॉक्स चढवला. तीन आठवड्यांनी परत खर्रर्र. त्यानंतर ती वर सांगितलेली हमाली, बॉक्स उघडण्याची.

बुश सरळ शाफ्टने झिजला तर आतून सारखा झिजतो. तोंड पसरतं ते शाफ्ट तिरका शिरत असल्यामुळे. शाफ्ट मागे बॉक्सच्या बेअरिंगमध्ये, पुढे बुशमध्ये. ही दोन केंद्रं एका रेषेत नसतील तर शाफ्ट वाकून बुशमध्ये घुसतो आणि क्लच दाबलेला असतानाही बुश त्याला आपल्यासोबत फिरवतो. आणि ही रेषा ठरवतं बेल हाउसिंग. बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगची टोपी बेल हाउसिंगच्या ४.६८६ इंची भोकात बसते. ते भोक क्रँकच्या केंद्रावर नसेल तर बॉक्सही नाही.

माझं बेल हाउसिंग दुसऱ्या गाडीतून आलेलं, जुन्या सामानाच्या बाजारातून घेतलेलं. आणि मी तारुण्यात दीड वर्ष लेथवर चार जबड्यांचा चक डायल (थाऊ मोजणारं घड्याळ) लावून सेंटर केलाय. एकेक थाऊसाठी जबडा सैल कर, दुसरा आवळ. मिस्त्री मागे उभे असायचे. तो मी, स्वतःच्या गाडीला डायल न लावता चारदा बॉक्स चढवून मोकळा झालो.

डायल लावा

बॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट खाली. फ्लायव्हील राहू दे. बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट पूर्ण आवळलेले हवेत. मॅग्नेट स्टँड फ्लायव्हीलवर, डायलची सुई बेल हाउसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर. स्पार्क प्लग काढून टाका, नाहीतर क्रँक झटके देत फिरतो. पुढच्या बोल्टला लांब पाना लावून क्रँक बोल्ट आवळायच्या दिशेनेच सावकाश फिरवा. सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा कुठे येतो ते खडूने लिहा.

एकूण फरक १० थाऊच्या आत हवा. केंद्राचा सरक त्याच्या निम्मा, म्हणजे ५ थाऊ. हा निम्म्याचा हिशेब विसरलात की दुप्पट ऑफसेटची पिन (ब्लॉकवर बेल हाउसिंगची जागा ठरवणारी, पुढे येतेच) आणाल.

माझा पहिला फरक आला २१. बेल हाउसिंग उतरवून बघितलं तर ब्लॉकला टेकणाऱ्या पृष्ठभागावर कुणीतरी हौसेने जाड रंग दिलेला, आणि पिनेच्या भोकाला बर, म्हणजे धातूची वर आलेली धार. रंग खरवडला, बर घासली, पुन्हा मोजलं: १८. मागून बघताना घड्याळात अकरा वाजतात त्या जागी शून्य, पाच वाजतात तिथे अठरा. पाचच्या बाजूला सुई जास्त दाबली जातेय म्हणजे भोकाची ती कड क्रँकच्या जवळ आहे, पर्यायाने बेल हाउसिंग अकराच्या दिशेला ९ थाऊ सरकलेलं आहे. त्याला पाचच्या दिशेला ९ थाऊ न्यायचं.

त्यासाठी ऑफसेट डॉवेल पिना मिळतात. ब्लॉकमध्ये जाणारं अंग आणि बेल हाउसिंगमध्ये जाणारं अंग एका केंद्रावर नसतं. मापं ७, १४ आणि २१ थाऊ. मला ७ ची लागली. नवातून सात गेले, सरक दोन, एकूण फरक चार. जुन्या पिना व्हाइस ग्रिपने गोल फिरवत ओढल्या, एक लगेच आली, दुसरीने संध्याकाळ घेतली. नव्या बसवताना दोन्ही पिनांचा उंचवटा एकाच दिशेला हवा. एकीची दिशा किंचित चुकली तर बेल हाउसिंग बसतच नाही, आणि तेव्हा हातोडी घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. पिनेच्या टोकाला खाच असते, स्क्रू ड्रायव्हरने फिरवून जुळवा.

मग पुन्हा डायल. साडेचार आला.

आता सुई भोकातून काढून बेल हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर ठेवा आणि पुन्हा फिरवा. तोंड तिरकं असेल तरी शाफ्ट तिरकाच जातो. इथे पाच-सहा थाऊपर्यंत चालतं. मोजताना क्रँक एका बाजूला रेटून धरा, नाहीतर त्याची पुढेमागे होणारी चालच तुम्ही मोजाल. माझं तोंड सरळ होतं.

मोपारवाल्यांसाठी, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्या असलेल्यांसाठी, एक वेगळी सूचना. तुमच्या ऑटोमॅटिकच्या क्रँकला बऱ्याचदा पायलट बुशचं भोक पूर्ण केलेलंच नसतं, शाफ्टचं टोक आत टेकतं. डायलच्या आधी तिथली खोली मोजा. टॉर्क कन्व्हर्टरच्या मोठ्या खाचेत बसणारं पायलट बेअरिंग मिळतं, टोक कापण्यापेक्षा ते बरं.

चढवताना

फ्लायव्हीलचे बोल्ट ६० फूट-पौंड, प्रेशर प्लेटचे ३५, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे करून समोरासमोर आवळायचे. गिअरचं तेल जीएल-४ दर्जाचं, तीन पाइंटच्या आसपास. जीएल-५ स्वस्तात मिळतं म्हणून ओतू नका, त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांचं आणि पितळी रिंगांचं जमत नाही. ऑटोमॅटिकचा न्यूट्रल स्विच काढताना तारा नुसत्या जोडून ठेवल्या असतील तर गाडी गिअरमध्येही स्टार्ट होते, क्लच पेडलला स्विच लावा. माझी एकदा गॅरेजच्या दारावर गेली आहे. दार अजून तसंच आहे. टर्बो ३५० ची शेपूट, म्हणजे मागचं निमुळतं कवच, आखूड असेल तर प्रोपेलर शाफ्ट तोच चालतो, तेवढाच खर्च वाचतो.

परवा ९० डिग्री फॅरनहाइटमध्ये पाऊण तास ट्रॅफिकमधून आलो. दारात उभं राहून क्लच दाबला, चार मोजले, रिव्हर्स टाकला. आवाज आला तो फक्त लिव्हर बसल्याचा. सकाळी थंडीत दुसरा गिअर अजून थोडा जड पडतो, पण एक मैल गेलं की सुटतो, आणि त्यासाठी मी पाचव्यांदा गाडीखाली जाणार नाहीये. बेल हाउसिंगच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: अकरा वाजता शून्य, पाच वाजता साडेचार, पिना सातच्या.